पुठ्ठ्यापासून कार्बनपर्यंत : आंखूड गिटारीची कथा

मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे ज्या घरांत तंबोरा किंवा सतार आहे, त्या घरांतील मंडळींचें लक्ष आकाशाइतकेंच त्या वाद्याकडेही जातें. वाद्य गवसणींत घातलें जातें, ओल्या भिंतीपासून दूर ठेवलें जातें. आणि तरीही चार दिवसांनीं खुंटी पिळावी तर ती फुगून घट्ट बसलेली असते व कालचा सूर आज सापडत नाहीं. वैशाखांत नागपुरासारख्या ठिकाणीं याच्या नेमका उलट प्रकार घडतो. हवा इतकी कोरडी होते कीं, लांकडाचे सांधे उकलतात आणि तबलीला बारीक चीर पडते. झाड तोडून शंभर वर्षें झालीं तरी त्याचें लांकूड हवेंतील ओलावा घेणें आणि सोडणें थांबवीत नाहीं.

गिटार या नियमाला अपवाद नाहीं. तिची तबली स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी झाडाच्या लांकडाची व जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. आणि पोलादी तारांच्या मोठ्या गिटारींत सहा तारा मिळून सुमारें ७० किलोग्रॅम वजनाइतका ताण त्या पातळ फळीवर अहोरात्र पडलेला असतो. फळी जाड करावी तर नाद मुका होतो. पातळ ठेवावी तर ती हवापाण्याच्या प्रत्येक लहरीला बळी पडते. गिटार घडविणाऱ्याचें सारें कौशल्य या दोन संकटांमधून वाट काढण्यांत खर्च झालेलें आहे.

गेल्या कांहीं दशकांत या वाटेवर एक नवी वस्तु येऊन उभी राहिली आहे. कार्बनच्या तंतूंची, लांकडाचा बहुधा लवलेश नसलेली, आणि लांबीनेंही नेहमीपेक्षां आंखूड अशी ही गिटार. तिच्याविषयीं दोन आक्षेप हटकून ऐकूं येतात. लांकूड नाहीं तर तें वाद्य कसलें, हा पहिला. आणि आंखूड गिटार म्हणजे मुलांचें खेळणें, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांचीं उत्तरें जाहिरातींत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधलेलीं बरीं. कारण हे प्रश्न आजचे नाहींत.

प्रथम लांबीचा प्रश्न घेऊं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिक या संस्थेच्या संग्रहांत लिस्बनच्या बेल्शिओर दियास या कारागिरानें १५८१ सालीं घडविलेलें एक वाद्य आहे. खुंट्यांजवळील अटीपासून घोडीपर्यंत त्याच्या तारेची वाजती लांबी सुमारें ५५ सेंटिमीटर भरते. आजच्या मोठ्या गिटारीपेक्षां ती नऊ-दहा सेंटिमीटर कमी आहे. म्हणजे आंखूड गिटार ही मोठ्या गिटारीची काटछांट नव्हे. ती तिच्या पूर्वजांपैकीं एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं व्हिएन्ना शहरांत तीन अर्धस्वर वर लावलेली छोटी ‘टर्झ’ गिटार प्रचारांत होती, आणि मौरो जुलियानी या इटालियन वादकानें आपला एक कॉन्चेर्टो खास तिच्यासाठीं लिहिला. वाद्यवृंदासमोर जिला बसविलें, तिला खेळणें कोण म्हणेल?

मग गिटार मोठी कां झाली? तिचा श्रोता दूर जाऊन बसला म्हणून. दिवाणखान्यांत दहा-पंधरा माणसांपुढें वाजणारें वाद्य सभागृहांत, नाचाच्या दालनांत आणि वाद्यांच्या गर्दींत जाऊन बसलें, तेव्हां त्याला मोठा आवाज हवा झाला. अमेरिकेंत १९१६ सालीं मार्टिन कारखान्यानें डिट्सन या दुकानासाठीं जी अवाढव्य गिटार केली, तिला ‘ड्रेडनॉट’ हें त्या काळच्या प्रचंड ब्रिटिश युद्धनौकेचें नांव मिळालें. तोफखान्याच्या नांवावरून वाद्याचें बारसें व्हावें, यांतच त्या काळाची हौस दिसून येते. पुढें ध्वनिक्षेपक आला, ध्वनिमुद्रण आलें, आणि मोठ्या आवाजाची निकड ओसरली; परंतु मोठा आकार मात्र संवयीनें कायम राहिला.

आंखूडपणाचा लाभ कोठें आहे, हें मारें मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकानें १६३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतील नियमांवरून स्पष्ट होतें. तार लांब तसा सूर खालचा, आणि ताण चौपट केला कीं सूर दुपटीनें चढतो, असा हा हिशेब आहे. मोठ्या गिटारीची वाजती लांबी साधारणपणें ६४५ मिलिमीटर असते. आंखूड गिटारीची समजा ५७८ मिलिमीटर आहे. त्याच जाडीची तार त्याच सुरांत लावली, तर आंखूड गिटारीवर तिला सुमारें एक पंचमांश कमी ताण लागतो. पहिल्या चार पडद्यांचें एकंदर अंतरही १३३ मिलिमीटरांवरून ११९ मिलिमीटरांवर येतें. लहान पंजाच्या माणसाला, उशिरा वाद्य हातीं धरणाऱ्याला, अथवा ज्याच्या बोटांचे सांधे वयानें आंखडले आहेत त्याला हे चौदा मिलिमीटर म्हणजे वाजवितां येणें आणि न येणें यांमधील अंतर ठरूं शकतें. मात्र निसर्ग कांहींही फुकट देत नाहीं. ताण कमी झाला कीं खर्जाची तार सैल पडून पडद्यावर खरखरते. छोट्या पेटींत खालच्या सुरांना पुरेसा वारा मिळत नाहीं. म्हणून आंखूड गिटारीला किंचित् जाड तारा लावण्याची पद्धति आहे, आणि मोठ्या गिटारीच्या घनगंभीर खर्जाची अपेक्षा तिच्याकडून न करणें हाच शहाणपणा आहे.

आतां लांकडाचा प्रश्न. तो विचारला आन्तोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानें, आणि तोही लांकूड न सोडतां. १८१७ सालीं आल्मेरिया प्रांतांत जन्मलेला हा मनुष्य मूळचा सुतार. आजच्या स्पॅनिश गिटारीचा आकार, प्रमाण आणि तबलीखालील पंख्यासारख्या पट्ट्यांची रचना यांवर त्याचाच ठसा आहे. नादाचें मर्म पेटीच्या बाजूंत आणि पाठींत आहे कीं तबलींत, असा त्याला प्रश्न पडला. त्यानें वाद न घालतां १८६२ सालीं एक गिटार केली. तिची तबली नेहमीप्रमाणें स्प्रूसची ठेवली आणि पाठ व बाजू चक्क कागदी पुठ्ठ्याच्या केल्या. मौल्यवान् लांकडाचा अभिमान बाळगणाऱ्या धंद्यांत हें धाडस लहान नव्हतें. बार्सिलोनाच्या संगीतसंग्रहालयांत ती गिटार आजही जपून ठेवलेली आहे. नाद मुख्यतः तबलींतून उपजतो, हा तिचा निर्णय. ती तबली हलकी आणि ताठ असावी लागते. हलकी असली तरच ती तारेच्या इवल्या शक्तीनें हलते, आणि ताठ असली तरच ताणाखालीं वांकत नाहीं. स्प्रूसचें माहात्म्य त्याच्या कुळांत नाहीं, तर या दोन गुणांच्या दुर्मिळ संगमांत आहे.

तोरेसनंतर हा प्रश्न पुनःपुन्हां नव्या वेषांत आला. १९२७ च्या सुमारास जॉन डोपिएरा यानें धातूच्या पेटीची व अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ शंकूंची गिटार अमेरिकेंत बाजारांत आणली. दुसऱ्या महायुद्धांत जनावरांच्या आंतड्याच्या दोऱ्याला शस्त्रक्रियेच्या टांक्यांसाठीं मागणी वाढली आणि गिटारीच्या आंतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या. तेव्हां न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यानें नायलॉनच्या तारा केल्या. आन्द्रेस सेगोव्हिआसारख्या थोर वादकानें त्या स्वीकारल्या, आणि शतकानुशतकें चालत आलेलें आंतडें थोड्याच वर्षांत बहुतेक गिटारींवरून नाहींसें झालें. त्याबद्दल आज फारसें कोणी अश्रु ढाळीत नाहीं. उलट मारिओ मक्काफेर्री या कुशल कारागिरानें १९५३ सालीं प्लॅस्टिकची गिटार पुढें केली, तेव्हां ती लोकांनीं नाकारली. त्याच मनुष्याचीं प्लॅस्टिकचीं छोटीं युकुलेली लाखोंनीं खपलीं होतीं. पण मोठी गिटार म्हणून प्लॅस्टिकला मान मिळाला नाहीं. नवें द्रव्य केवळ नवें म्हणून टिकत नाहीं, आणि केवळ कृत्रिम म्हणून नाकारलेंही जात नाहीं, हा या दोन उदाहरणांचा बोध आहे.

१९६६ सालीं चार्ल्स केमन या हेलिकॉप्टर बनविणाऱ्या अभियंत्यानें कांचतंतु आणि राळ यांची गोल, वाडग्यासारखी पाठ असलेली ‘ओव्हेशन’ गिटार काढली. केमन स्वतः गिटार वाजवी. हेलिकॉप्टरच्या पात्यांतील कंपनें मारणें हा त्याचा व्यवसाय. तीच विद्या त्यानें कंपनें जगविण्यासाठीं उलटी वापरली. तबली मात्र अजून लांकडाचीच होती.

याच वेळीं लांकडाच्या बाजूनेंही एक संकट उभें राहत होतें, आणि त्याचा संबंध सह्याद्रीपर्यंत येऊन पोंचतो. गिटारीच्या पाठीला ब्राझीलचें शिसवी लांकूड सर्वोत्तम मानलें जाई. ब्राझीलनें ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनें आणल्यावर मार्टिन कारखान्यानें १९६९ पासून मुख्यतः भारतीय शिसवीचा आश्रय घेतला. ज्या लांकडाचे देव्हारे आणि पलंग महाराष्ट्राच्या जुन्या वाड्यांत पिढ्यान् पिढ्या नांदले, त्याच जातीचें दक्षिण हिंदुस्थानांतील लांकूड जगभरच्या गिटारींच्या पाठीं लागलें. पुढें १९९२ सालीं ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद झाला. २०१७ च्या जानेवारींत शिसवीच्या साऱ्या कुळावरच, म्हणजे भारतीय जातीवरही, नियंत्रण आलें. वादकांना परदेशीं वाद्य नेणेंही अवघड वाटूं लागलें. २०१९ च्या नोव्हेंबरांत तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, पण इशारा मिळायचा तो मिळाला. शंभर वर्षांचें झाड एका दिवसांत पडतें. तें पुन्हां उभें राहण्यास शंभर वर्षेंच लागतात.

कार्बनच्या तंतूची हकीकतही बरीच जुनी आहे. एडिसननें १८७९ सालीं विजेच्या दिव्यासाठीं सुती दोरा जाळून जी तार केली, ती एका अर्थानें कार्बनतंतूच होती. नंतर त्यानें त्यासाठीं बांबूही वापरला. खऱ्या अर्थानें बळकट तंतु मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघाले. १९५८ सालीं अमेरिकेंत रॉजर बेकन, त्यानंतर जपानांत आकिओ शिंडो, आणि १९६० नंतर इंग्लंडांतील फार्नबरो येथील विमानसंशोधनसंस्था, अशा तीन ठिकाणीं हें शास्त्र वाढलें. कृत्रिम धागा प्रथम मंद आंचेवर भाजून, मग हवा लागूं न देतां हजार अंशांहून अधिक उष्णतेंत तापविला कीं त्यांतील इतर द्रव्यें उडून जातात आणि केंसाच्या दहाव्या हिश्श्याइतका बारीक काळा तंतु मागें उरतो. हे तंतु विणून, राळेंत भिजवून, सांच्यांत दाबून घट्ट केले म्हणजे जो पदार्थ होतो तो पोलादाच्या सुमारें एक पंचमांश वजनाचा असून तंतूंच्या दिशेनें कमालीचा ताठ असतो. त्याचा एक दोषही लवकरच उघडकीस आला. रोल्स-रॉइस कंपनीनें विमानाच्या इंजिनाचीं पातीं या द्रव्याचीं केलीं होतीं; १९७० सालीं पक्षी आदळण्याच्या चाचणींत तीं टिकलीं नाहींत आणि धातूकडे परतावें लागलें. ताठ वस्तूला वांकून मार चुकवितां येत नाहीं.

परंतु हलकें आणि ताठ हे तर तोरेसच्या तबलीचे शब्द! १९७० नंतरच्या दशकांत कार्लीन हचिन्स या अमेरिकन व्हायोलिन-कारागीर बाईंनीं, ज्या पूर्वीं शाळेंत विज्ञान शिकवीत असत, आपल्या सहकाऱ्यांसह कार्बनतंतूच्या तबलीचे प्रयोग केले. १९७६ सालीं केमनच्या कारखान्यानें कार्बनची तबली असलेली ‘अ‍ॅडमस’ गिटार काढली. त्यानंतर हवाई बेटांपैकीं माउई बेटावर, जेथें ऊन, पाऊस आणि खारा वारा एकाच दिवशीं वाद्याची परीक्षा पाहतात, जॉन डेकर या शास्त्रज्ञानें संपूर्ण कार्बनची गिटार सिद्ध केली व तिला ‘रेनसाँग’, म्हणजे पाऊसगाणें, असें समर्पक नांव दिलें. बॉस्टनच्या वाद्यवृंदांतील चेलोवादक लुइस लेगीया यांना कांचतंतूच्या नौकेच्या पोटांत घुमणारा आवाज ऐकून कार्बनचा चेलो करण्याची कल्पना सुचली. आणि लुइझियाना प्रांतांतील कंपोझिट अकूस्टिक्स या कंपनीनें ‘कार्गो’ नांवाची, ५७८ मिलिमीटर लांबीची छोटी कार्बन गिटार केली. आंखूडपणा आणि कार्बन यांची अशी गांठ पडली. प्रवासांत हवामान बदलतें, आणि प्रवासांत जागाही थोडी असते. एकच गरज या दोहोंच्या मुळाशीं आहे.

अशी गिटार घेऊं इच्छिणाऱ्यानें डोळ्यांपेक्षां कानांवर आणि बोटांवर विसंबावें. काळ्या विणीची चकाकी सर्वच वाद्यांत सारखी असते. नाद सारखा नसतो. लांकूड उंच सुरांतील कांहीं करकर स्वतःच गिळून टाकतें. कार्बन तितकें गिळीत नाहीं. त्यामुळें चांगल्या हाताची गिटार स्वच्छ आणि रेंगाळत वाजते, तर वाईट हाताची धातूच्या डब्यासारखी कानांत टोंचते. वाद्य प्रथम दुसऱ्याकडून वाजवून घ्यावें आणि समोर बसून ऐकावें. कारण वाजविणाऱ्याला ऐकूं येणारा नाद आणि श्रोत्याला पोंचणारा नाद वेगळे असतात. मग पहिल्या पडद्यावर एका बोटानें सहाही तारा दाबून पाहाव्या. हात दुखत असेल तर वाद्य सुंदर असूनही आपलें नव्हे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदां छेडावी व खरखर कोठें होते तें पाहावें. कांहीं कार्बन गिटारींच्या दांडींत ती सरळ करण्यासाठीं बसविलेली पोलादी कांब नसते. तिची गरज बहुधा पडत नाहीं. परंतु तारांची उंची मूळचीच चुकली असेल तर सुधारणा करण्यास फारशी वाव राहत नाहीं, म्हणून अशा वाद्याची ही परीक्षा अधिक कसोशीनें करावी.

कार्बनला पाऊस बाधत नाहीं, याचा अर्थ वाद्याला कांहींच बाधत नाहीं असा नव्हे. तारा आणि खुंट्या धातूच्याच असतात. मुंबईच्या श्रावणांत त्या गंजतात, पडदे झिजतात, आणि उन्हांत धरलेली तार सैल होऊन उतरतेच. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसण्याचा नियम येथेंही पाळावा लागतो. राळेलाही उष्णता सोसण्याची मर्यादा आहे; भर उन्हांत बंद मोटारींत वाद्य ठेवणें शहाणपणाचें नाहीं. आणि जोराचा आघात झाल्यास जें लांकूड गल्लींतला कारागीर सरस लावून सांधून देईल, तें काम कार्बनच्या बाबतींत त्याच्या हातचें राहत नाहीं.

येथेंच लांकडाच्या पक्षपात्यांचें म्हणणें आदरानें ऐकावें असें आहे. जुन्या लांकडी वाद्याला चीर पडते, ती सांधली जाते, तबली बदलली जाते, आणि आजोबांचें वाद्य नातवाच्या हातीं येतें. त्या वाद्यावर तीन पिढ्यांच्या हातांची खूण असते. लांकूड वाजवून वाजवून मोकळें होतें असा वादकांचा अनुभव आहे. कार्बन जसा पहिल्या दिवशीं, तसाच विसाव्या वर्षीं. त्याला म्हातारपण नाहीं आणि म्हणून परिपक्वताही नाहीं. त्याच्या निर्मितीला मोठी उष्णता लागते, आणि मोडल्यावर तो लांकडासारखा मातींत मिसळत नाहीं. जंगल वांचविण्याचें सारें पुण्य त्याच्या पदरांत घालणें अतिशयोक्तीचें होईल.

तथापि वाद्याचा धर्म जपलें जाणें हा नसून वाजणें हा आहे. पुष्कळ घरांत उत्तम वाद्य असतें. तें इतकें उत्तम असतें कीं, पावसाच्या, उन्हाच्या, प्रवासाच्या आणि मुलांच्या भीतीनें तें कपाटाबाहेर येतच नाहीं. खुंटीवर उघड्यावर टांगलेली, दहा मिनिटांची सवड मिळतांच हातीं येणारी, गाडींत फळीवर मावणारी आणि गॅलरींत पावसाचे तुषार अंगावर घेत वाजणारी छोटी गिटार त्या कपाटांतील राणीपेक्षां सुरांची अधिक सेवा करते. पूर्वीं दिवाणखान्यांतल्या छोट्या गिटारीनें हेंच केलें होतें. जवळच्या चार माणसांसाठीं वाजणें हें तिचें मूळ काम होतें, आणि आंखूड गिटार त्याच कामावर परत रुजू झाली आहे.

तोरेसनें पुठ्ठ्याची गिटार केली ती पुठ्ठ्याचें माहात्म्य सांगण्यासाठीं नव्हे. नाद कोठें राहतो हें त्याला शोधावयाचें होतें, आणि तो किंमतींत नाहीं, दुर्मिळतेंत नाहीं, तर हलक्या व ताठ तबलीला ओळखणाऱ्या हातांत आहे असें त्याला आढळलें. कार्बनची आंखूड गिटार हें त्याच उत्तराचें आजचें रूप होय. घडविणाऱ्याचा कान बिघडला तर शिसवीची पाठही तिला तारणार नाहीं. कान शाबूत असेल तर काजळीसारखा काळा धागाही गाऊं लागतो. आणि तो गाईल कीं मुका राहील, हें शेवटीं ठरतें तें ज्याच्या मांडीवर ती गिटार आहे, त्या माणसाच्या रोजच्या दहा मिनिटांवर.